मैनेचा हिशेब

चाचांचा फोन आला तेव्हा मी कोंबड्यांच्या लासोटा लशीच्या कुप्या मोजत होते. फ्रीजचं दार उघडं, फोन खांद्यात दाबलेला, आणि पलीकडून चाचा म्हणतात, "बेटा, एक दलाल मैनेचे चार हजार देतो म्हणतोय. काय करू?"

मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी पंचवटीत, दिंडोरी रोडला मार्केट यार्डाच्या अंगाला, जनावरांच्या औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळते. सतरा वर्षं झाली. गिऱ्हाईक बहुतेक गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांचं. घोडेवाले बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांत चाचा सगळ्यांत जुने. माझे वडील आणि चाचा एकाच अड्ड्यावर टांगा लावायचे. चाचा जुन्या नाशकात, आम्ही पंचवटीत, मधे फक्त गोदावरी. ईदला त्यांच्याकडून शिरखुर्मा यायचा, दिवाळीला आमचा डबा जायचा, आणि तो डबा रिकामा कधी परत आला नाही. त्यामुळे चाचांनी "काय करू" विचारलं की "तुमचं तुम्ही बघा" म्हणायची सोय नाही.

मैना ही त्यांची वरातीची घोडी. नुकरा, म्हणजे अंगाने पांढरी आणि नाकाशी गुलाबी. टांगा गेल्यावर चाचांनी लग्नाच्या वराती धरल्या, आणि सतरा-अठरा वर्षांपूर्वी दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याहून ही घोडी आणली. सोबत माझ्या वडिलांना नेलं होतं. तापीच्या काठी घोड्यांच्या रांगाच रांगा, आणि सौदा रुमालाखाली बोटं दाबून. तोंडाने आकडा कोणी बोलत नाही. वडिलांना न्यायचं कारण एकच, ते दात बघून वय सांगत. विकणारा म्हणे चार वर्षांची. वडिलांनी ओठ उचलला, खालचे दात बघितले आणि म्हणाले, "मुख भरलंय. पाच पुरी." पंचावन्न हजारांवर तुटलं.

आता मीही तेच केलं. फोन झाल्यावर संध्याकाळी दुकान बंद करून गेले आणि मैनेचा ओठ उचलला. तरण्या घोड्याचे पुढचे दात एकमेकांवर उभे बसतात, अडकित्त्यासारखे. वय वाढतं तसे ते लांब होतात आणि पुढे तिरके झुकतात. मैनेचे इतके झुकले होते की वरची आणि खालची रांग मिळून चोच दिसत होती. दातांच्या माथ्यावरचे खड्डे पुसून गेलेले. डोळ्यांच्या वर खळगे पडलेले, त्यात माझा अंगठा मावला असता. उजव्या पुढच्या पायावर ती भार देत नव्हती. तो पाय जरा पुढे टाकून उभी, जणू कोणाला तरी वाट करून देतेय. मी खुरावर हात ठेवला तर गरम लागला.

बावीस वर्षांची झाली. घोडं नीट पाळलं तर पंचवीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे अजून तीन, पाच, कोण जाणे आठही वर्षं.

आता ती कमवत नाही, हे वेगळं सांगायला नको. गंगापूर रोडच्या लॉन्समधे हल्ली नवरदेव जुन्या मोटारीतून येतो, नाहीतर बुलेटवरून. जे घोडी सांगतात त्यांचा डीजे भिंती हलवतो, वर फटाक्यांची माळ घोडीच्या पायांत. आणि नवरदेवही पूर्वीसारखे शेलाटे राहिले नाहीत, हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं. नव्वद-शंभर किलोचा माणूस, फेटा, तलवार, पुढ्यात बसवलेला भाचा, आणि खाली दुखऱ्या पायाची मैना. गेल्या हंगामात चाचांनी तीन वरातींची सुपारी परत केली. मग बंदच केलं.

दिवसाचा खर्च मात्र बंद होत नाही. कडबा, कोंडा, थोडे भिजवलेले हरभरे. चंदी म्हणावी इतकी नाहीच ती आता. शिवाय दुकानातून जाणारी दुखण्याची औषधं. कितीही हात आखडला तरी अडीचशे रुपये रोज. चाचांचा मुलगा रिक्षा चालवतो, त्याला दोन पोरी. सूनबाई एकदा माझ्यादेखत म्हणाली, "खायला काळ नि भुईला भार." घोडीला म्हणाली. चाचा तिथेच बसले होते, त्यांनी पान लावायला घेतलं.

तर तो दलाल. मी त्याला भेटले. पांढरा शर्ट, पांढऱ्या सँडल, बोलायला गोड. म्हणे राजस्थानात मोठं कुरण आहे, म्हातारी घोडी तिथे मोकळी चरतात. मी म्हटलं, पत्ता द्या, माझी ओळख आहे त्या बाजूला. नव्हती, पण म्हटलं. तो हसून चाचांकडे वळला. "चाचा, तुम्हाला पैसे पाहिजेत की पत्ता?"

चार हजार रुपये. लंगडी, बावीस वर्षांची, दात झिजलेली घोडी. तिला चरायला कुरणात सोडणारा माणूस गाडीभाडं घालून वर चार हजार का देईल? हे गणित माझ्या दुकानातल्या पोऱ्यालाही सुटतं. चाचांनाही सुटलं होतं. पण विकणाऱ्याला ते सोडवायचं नसतं. हे मला माझ्या घरातून ठाऊक आहे.

माझ्या वडिलांच्या घोड्याचं नाव राजा. कुमेत, म्हणजे काळसर तांबडा, कपाळावर चांदणी. नाशिकरोड स्टेशन ते रामकुंड हा त्यांचा रस्ता. नाशकात ही वाट घोड्यांनी पूर्वीपासून तुडवलेली. १८८९ मध्ये मेन रोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत ट्राम सुरू झाली, तीसुद्धा घोडेच ओढत. वडिलांच्या टांग्यात अर्धी गिऱ्हाइकं अस्थी घेऊन आलेली. मांडीवर तांब्या, त्यावर लाल फडकं. "अस्थीवाला घासाघीस करत नाही," असं ते म्हणायचे, आणि म्हणूनच त्यांच्याकडून ते जास्त घेत नसत. मग रिक्षा आल्या, एक, दोन आणि बघता बघता शंभर. मी सहावीत असताना नवरात्रात ते राजाला घेऊन येवल्याच्या बाजारात गेले. पायी गेले, घोड्याबरोबर. एसटीने परत आले तेव्हा पिशवीत तोबरा होता, राजाच्या तोंडाला दाण्यासाठी बांधायची झोळी. राजा वावीकडच्या एका शेतकऱ्याला दिला, म्हणाले, चांगला माणूस आहे. तोबरा माळ्यावर गेला.

वडील गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री आईने सांगितलं. शेतकरी वगैरे कोणी नव्हता. राजा वीटभट्टीवर गेला होता. तीन-चार महिन्यांनी वडील एकदा तिकडे गेले, लांबून बघितलं आणि परत आले. आईने विचारलं होतं, "त्याने ओळखलं का तुम्हाला?" ते म्हणाले, "जवळ गेलोच नाही."

म्हणून चाचांना मी फोनवर एवढंच सांगितलं की चार दिवस थांबा.

त्या चार दिवसांत जो भेटेल त्याच्याकडे विषय काढला. आमचं दुकान म्हणजे अशा गप्पांना बरी जागा, कारण औषध मिळेपर्यंत माणूस उभाच असतो. एक कॉलेजची मुलगी भटक्या कुत्र्यांसाठी जंताच्या गोळ्या न्यायला येते, फार मनापासून करते. ती म्हणाली, "आपल्याकडे घोडे कापायला बंदी आहे ना, मग प्रश्न कुठे येतो?" तिचं पहिलं वाक्य खरं आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ज्या जनावरांचं मांस खाण्यासाठी चालतं त्यांची यादी आहे. शेळ्या-मेंढ्या, डुकरं, गोवंश-म्हशी, कोंबड्या वगैरे. त्यात घोडा नाही, गाढवही नाही. पण घोडं पेंड खातं ते तिच्या दुसऱ्या वाक्यात. गाढवांचंच बघा. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.२ लाख गाढवं होती, २०१९ च्या गणनेत १.२ लाख उरली. त्यांची कातडी चीनमधे एजियाओ नावाच्या औषधासाठी जाते. आंध्रात गाढवाचं मांस चोरून विकताना लोक पकडले गेलेत. यादीत नाव नसूनही गाढव वाचलं नाही, फक्त त्याचं मरण आपल्या नजरेआड गेलं. घोडे आणि तट्टू त्याच सात वर्षांत ६.२५ लाखांवरून ३.४ लाखांवर आले. हे सगळे कापले गेले असं मी म्हणत नाही. टांगे गेले, शिंगरं कमी झाली, जुने घोडे मेले. पण मेले कुठे, कोणाच्या दारात, हे गणनेच्या तक्त्यात नसतं.

तिथेच एक दिंडोरीकडचे काका कासेच्या दुखण्याच्या ट्यूब घ्यायला उभे होते. ते म्हणाले, "ताई, बैलांचं २०१५ पासून हेच चाललंय आमच्याकडे." गाईंच्या कत्तलीवर आपल्या राज्यात आधीपासून बंदी होतीच, २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. काकांचा एक म्हातारा बैल गोठ्यात आहे, त्याला ते सांभाळतात. शेजाऱ्याचा मात्र एका रात्री "सुटून गेला". अवतरणचिन्हं काकांनी हातानेच काढून दाखवली. या विषयावर इथे कमेंटांत मारामाऱ्या होतील म्हणून पुढे लिहीत नाही.

माझा भाचा डॅलसला असतो. रविवारी फोनवर त्याला मैनेचं सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, आमच्यापासून तासाभरावर घोडे कापायचा कारखाना होता, इथे त्यावर फार मोठी भांडणं झाली होती." मग मी रात्री दोन वाजेपर्यंत तेच वाचत बसले. अमेरिकेत घोडा खात नाहीत, पण कापत होते, मांस युरोपला आणि जपानला जायचं. शेवटचे तीन कारखाने २००७ मध्ये बंद झाले. दोन टेक्सासात, फोर्टवर्थ आणि कॉफमन इथले, आणि एक इलिनॉयमधल्या डीकाल्बला. कॉफमनच्या महापौर पॉला बेकन या बाई गावातल्या दुर्गंधीपायी आणि गटारात येणाऱ्या रक्तापायी त्या कारखान्याशी वर्षानुवर्षं भांडल्या. टेक्सासात १९४९ चा एक जुना कायदा निघाला, खाण्यासाठी घोड्याचं मांस विकू नये असा. न्यायालयाने तो धरला आणि तिथले दोन्ही कारखाने गेले. लोकांनी पेढे वाटले असतील, तिकडे जे काही वाटतात ते.

मग २०११ मध्ये तिथल्या सरकारच्या हिशेबतपासणी खात्याचा अहवाल आला. २०१० या एका वर्षात जवळपास १,३८,००० घोडे कापण्यासाठी कॅनडा आणि मेक्सिकोला गेले होते. देशात कारखाने चालू असताना जेवढे कापले जात, साधारण तेवढेच. फक्त आता ते ट्रकमधे जास्त लांब, जास्त तास उभे राहून जात होते, आणि सीमेपलीकडे अमेरिकेचा तपासनीस नव्हता. त्यावरून अजूनही दोन तट आहेत. एक म्हणतो, देशातच डॉक्टरच्या नजरेखाली कारखाने परत सुरू करा, निदान प्रवास तरी वाचेल. दुसरा म्हणतो, सीमाही बंद करा, आणि आधी दरवर्षी हौसेखातर हजारो शिंगरं पैदा करणं थांबवा. मला दोघांचंही निम्मं पटलं. पहिल्यांना विचारावंसं वाटलं की कारखाना असला की तो चालवायला रोज घोडे लागतात, मग नुसते म्हातारेच येतील का. दुसऱ्यांना विचारावंसं वाटलं की शिंगरं थांबवाल, पण आज दारात जे उभं आहे त्याचं काय?

आणि औषधवाली म्हणून एक गोष्ट मला खटकली. घोड्याच्या दुखण्यावर जगभर फेनिलब्युटाझोन देतात. ज्या जनावराचं मांस माणूस खाणार त्याला ते चालत नाही, माणसाच्या रक्ताला ते बाधतं. युरोपात २०१३ मध्ये गाईचं म्हणून विकलेल्या मांसात घोडा निघाला तेव्हा बोंब झाली ती फसवणुकीची तर होतीच, पण या औषधाचीही होती. मैनेला गेली पाच-सहा वर्षं मी स्वतःच्या हाताने हेच देत आले. चार हजारांत तो दलाल जे नेणार होता ते कोणाच्या तरी ताटात जाणार असेल, तर माझ्या काउंटरवरचं औषधही सोबत जाणार होतं. पावतीसुद्धा निघाली असती माझ्याकडे.

इकडे मी जागा शोधत होते. एका गोशाळेत गेले, ते म्हणाले आमच्याकडे फक्त गाई, आणि गाईंनाच जागा पुरत नाही. खोटं नव्हतं, मी डोळ्यांनी पाहिलं. लांबच्या एका संस्थेने घोडी घ्यायची तयारी दाखवली, पण महिन्याचा खर्च मालकाने द्यावा म्हणाले. त्यातही काही वावगं नाही. एका रिसॉर्टवाल्याला पांढरी घोडी मुलांच्या फोटोंसाठी हवी होती. लंगडते म्हटल्यावर त्याने "पाठवा फोटो" म्हणून विषय संपवला. आणि सगळ्यांत जास्त लोकांनी दिलेला सल्ला म्हणजे "सोडून द्या तपोवनाच्या बाजूला, देव बघेल." देवाने बघितलेली घोडी आपण सगळ्यांनी बघितली आहेत. उकिरड्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीसकट शिळी पोळी चावणारी, रात्री हायवेच्या दुभाजकावर उभी. जनावर असं उपाशी मरायला सोडणं हा १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा रुपये ते पन्नास रुपये. शून्य गाळलेलं नाही. आमच्या दुकानात पन्नास रुपयांत गोचिडाचं औषधही येत नाही.

आमचे डॉक्टर मात्र सरळ बोलले. म्हणाले, "हिला दुखतं तेवढं औषधाने आवरतंय तोवर ठेवा. ज्या दिवशी आवरणार नाही त्या दिवशी मला बोलवा, मी येऊन शांत करीन. पण विकू नका. विकलंत तर ते शेवटचे चार दिवस तिला तहानलेलं ट्रकमधे काढावे लागतील, आणि मरण काही चुकणार नाही." मला तेव्हापासून तेच वाटतं आहे. ज्याने पाठीवर बसवून कमावलं त्याच्या दारात तिचा शेवट व्हावा, आणि त्याने तो बघावा. माझ्या वडिलांसारखं लांबून नव्हे.

शेवटी जागा घरातच निघाली. माझे दीर मखमलाबादला असतात, द्राक्षाचा दीड एकराचा प्लॉट. गाई विकल्यावर गोठा रिकामाच होता. जाऊबाईंनी एकच अट घातली, "लीद बागेत टाकायची, कोणाला द्यायची नाही." पिकअप केली. मैना चढेना. तिला गाडी म्हणजे सारंगखेड्याची आठवण असावी, की दुखत होतं म्हणून, कोण सांगणार. मग चाचांनी नवरदेवाच्या वरातीत घालायची झूल तिच्या पाठीवर टाकली, जरीची, घुंगरांची. आणि ती चढली. लग्नाला निघाल्यासारखी गेली मखमलाबादला, रस्त्यावरचे लोक नवरदेव शोधत होते.

आषाढ ते पौष ती तिथे राहिली. खर्चाची वाटणी अशी: कडबा दिरांचा, औषध माझ्याकडून खरेदीच्या भावात, बाकी चाचांचं. चाचा आठवड्यातून दोनदा सिटी बसने यायचे, खिशात गूळ. गोठ्यात खाट टाकून दुपारभर पडायचे. घोडीशी काही बोलायचे नाहीत. जाऊबाई म्हणाली, "मला वाटलं जनावराशी गप्पा मारतील, हे दोघं नुसते एकमेकांशेजारी बसतात." छाटणीच्या दिवसांत बागेतल्या मजुरांची पोरं मैनेला हात लावायला येत. एकाने विचारलं होतं, "ही कोणाच्या कामाची आहे?" दीर म्हणाले, "कोणाच्याच नाही." पोराला ते भलतंच आवडलं. रोज येऊन विचारायचा आणि तेच उत्तर ऐकून जायचा.

पौषात थंडी वाढली. निफाडला पारा घसरतो तशी आमच्याकडेही हुडहुडी. एका पहाटे दिरांचा फोन आला, घोडी बसलीय, उठत नाही. गाय एरवीही बराच वेळ बसून असते, पण घोडं तासनतास आडवं राहिलं तर स्वतःच्या वजनाखालीच त्याचं मांस मरू लागतं, श्वास जड होतो. चौघांनी दोर लावून दोनदा उठवलं, दोन्ही वेळा पुढचे पाय दुमडले. नाकपुड्या फुगलेल्या, मानेवर घाम, आणि अंगावरून त्या थंडीत वाफ निघत होती. डॉक्टर साडेआठला आले. त्यांनी पाय बघितला, डोळ्याच्या आतला रंग बघितला आणि चाचांकडे बघितलं. चाचा म्हणाले, "करा."

औषध मीच दुकानातून घेऊन आले होते. आधी गुंगीचं, मग भुलीचं, नेहमीच्या कितीतरी पट. मानेच्या शिरेला केस कापून जागा केली. डॉक्टर म्हणाले, चाचा, तुम्ही बाहेर थांबा. चाचा उठले नाहीत. तिचं डोकं मांडीवर घेतलेलं, डाव्या हाताने तिचा कान चोळत होते. तरण्या वयात लगाम चढवताना चोळायचे तसाच, बुडापासून टोकाकडे. दुसरं इंजेक्शन संपेपर्यंत मी घड्याळ बघत होते, मिनिटभरही नसेल. कान चोळणं मात्र त्यानंतरही बराच वेळ चालू होतं. डॉक्टरांनी डोळ्याच्या बाहुलीला बोट लावून बघितलं आणि आम्हाला मानेनेच सांगितलं.

दिरांचा एक मजूर हरसूलकडचा. तो म्हणाला, आमच्या बाजूला खोरीपाड्याला गिधाडांना मेलेलं जनावर टाकतात, तिकडे नेऊ या, पुण्य लागेल. डॉक्टरांनी हात जोडले. इंजेक्शनने मारलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं तर गिधाडंही जातील. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या औषधाने त्यांची काय दशा झाली ते आम्हा औषधवाल्यांना पाठ आहे. २००६ पासून ते जनावरांसाठी बंद आहे. म्हणून खोल पुरायची. जेसीबीवाला आला, बागेच्या बांधापलीकडे आठ फूट खणलं. तळाला मीठ आणि चुना. बादलीत बसेल एवढी माती जाऊबाईने स्वतः टाकली. चाचांनी म्होरकी काढून घेतली, नाल तसेच राहू दिले.

मी माळ्यावरचा तोबरा आणला होता सकाळी, घाईत. का आणला ते मलाही नीट सांगता येणार नाही. तिला शेवटचे हरभरे द्यावेत असं काहीतरी डोक्यात होतं. पण ती काही खाण्याच्या अवस्थेत नव्हती. तसाच परत नेला.

पंधरा दिवसांनी दुकानात एक फोन आला. निफाडच्या बाजूचा कोणी घोडेवाला, चाचांनी नंबर दिला होता. त्याच्या घोड्याचा मागचा पाय मोडलेला, वय चौदा. दलाल तीन हजार देतोय म्हणाला. "तुमच्या चाचांनी केलं तसं करायला काय पडतं?"

मी वही उघडली. डॉक्टरांची फी एक हजार. औषधं चौदाशे पन्नास. जेसीबी दोन तास, चोवीसशे. मीठ-चुना साडेतीनशे. एकूण पाच हजार दोनशे.

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे त्याचे तीन मिळवले तर आठ हजार दोनशेचा फरक."

"हो," मी म्हटलं. "जागा तुमची असेल तर."

"जागा आहे," तो म्हणाला. "बघतो."